पापडाच्या डब्यातले फोन

समोरच्या गच्चीवर कमला आंटीचे पापड वाळत पडले की मला कळतं, परीक्षा आल्या. कॅलेंडर बघावं लागत नाही. अंबरनाथची शिवरात्रीची जत्रा उठलेली असते, पहाटे अजून अंगावर चादर लागते, दुपारी मात्र पंखा पाचवर नेला तरी पुरत नाही, आणि वाऱ्याबरोबर मिरीचा झणझणीत वास घरात शिरतो. आमराईचा मोहोर ज्यांच्या वाट्याला आला त्यांना तो लखलाभ होवो. उल्हासनगरच्या आमच्या कॅम्पात परीक्षांना वास असतो तो मिरीचा. यंदाही तो आला, आणि मी भांडी घासता घासता हात तसेच ओले ठेवून खिडकीत उभी राहिले. तीन वर्षांपूर्वीचा तो मार्च मला आठवला, आणि एकटीच हसले.

मी एकतीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, हातमोजे. आत येईल ते मोजून घ्यायचं, बाहेर जाईल ते मोजून द्यायचं. इतक्या वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही, हे मी न विचारता सगळ्यांना सांगते. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात. मी आमच्या गल्लीतल्या बुद्धविहाराचा जिना धरला. विहाराच्या वर एक खोली आहे, तिची अभ्यासिका केलेली. चार लांब टेबलं, बावीस खुर्च्या आणि दोन पंखे, त्यातला एक बोलका. दहावी-बारावीची पोरं संध्याकाळी साडेपाचला येतात, साडेआठला जातात. यांच्या घरी एकच खोली, त्यात टीव्ही, शिलाई मशीन, आजारी आजोबा आणि दर दहा मिनिटांनी दार वाजवणारं कोणीतरी. अभ्यासाला शांत कोपरा म्हणजे या वस्तीतली चैन आहे. मी दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि ही चैन कोणी वाया घालवत नाही ना, यावर नजर ठेवायचे.

पोरं ती वाया घालवत होती. पुस्तक उघडं, पुस्तकात वही, वहीत फोन. मान खाली घालून इतकी तल्लीन बसायची की पहिले काही दिवस मी त्यांचं कौतुकच केलं. मग एकदा यश नावाचा आमचा बारावीतला पुढारी रसायनशास्त्राच्या पुस्तकात तोंड खुपसून फिसकन हसला. रसायनशास्त्र वाचून कोणी हसत नाही. मी जवळ गेले, तर आत एक माणूस मांजराला टोपी घालत होता. खरं सांगायचं तर मांजर गोड होतं. मी ते पूर्ण बघितलं आणि मगच ओरडले.

'आमच्या वेळी' हे दोन शब्द मला आवडत नाहीत. आमच्या वेळी मीसुद्धा भूगोलाच्या पुस्तकाला घातलेल्या वर्तमानपत्राच्या कव्हरमध्ये रहस्यकथा वाचत होते, आणि दहावीला भूगोलात काठावर पास झाले. पण कथा संपायची. शेवटचं पान यायचं, खुनी सापडायचा, मग नाइलाजाने का होईना भूगोल उघडावा लागायचा. या पोरांच्या हातातल्या वस्तूला शेवटचं पान नाही. अंगठा सरकवत राहायचं आणि ती पुढचं पान देत राहते. एवढाच फरक मला समजतो, आणि तो लहान नाही.

उपाय मला माझ्या कारखान्यानेच दिला. आमच्या गेटवर साहेबापासून हेल्परपर्यंत प्रत्येकाला फोन जमा करून आत जावं लागे. फोन द्यायचा, नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा, सुटताना बिल्ला द्यायचा, फोन घ्यायचा. मी ठरवलं, इथेही तेच. प्रश्न डब्याचा होता. तो सोडवला कमला आंटीने. ती मला अदी म्हणते, सिंधीत अदी म्हणजे बहीण. तिच्याकडे तिच्या सासूपासूनचा पत्र्याचा मोठा गोल डबा होता, पापडांचा. तो पदराने पुसून तिने माझ्या हातात दिला.

"ले जा, अदी. चाळीस साल में इसके अंदर हवा नहीं घुसी. तेरे मोबाइल को क्या होनेवाला है!"

"पापडाला काय वापरशील मग?"

"मेरा दूसरा है ना! पढने दे बच्चों को. ये मोबाइल ने तो मेरे पोते का खाना भी ठंडा कर दिया."

बिल्ले अभ्यासिकेत येणाऱ्या निकिताच्या आईने दिले. ती घरी बसून जीन्सचे धागे कापायचं काम करते. आमच्या गल्लीत अर्ध्या बायका तेच करतात. तिने उरलेल्या कापडाचे रुपयाएवढे तुकडे कापून आणले आणि मी त्यावर पांढऱ्या मार्करने एकपासून बावीसपर्यंत आकडे घातले. देताना ती दारात थोडी रेंगाळली. "मावशी, आमच्या निकूवर जरा लक्ष ठेवा," म्हणाली. आणि मग जिन्याच्या कठड्याला धरून, आवाज खाली करून तिने मला जे सांगितलं, ते गल्लीत कुजबुजीने सगळ्यांना माहीत होतं.

निकिता दहावीत आमच्या गल्लीत पहिली आली होती. वडील विठ्ठलवाडीच्या डेपोत ड्रायव्हर. त्यांनी पेढे वाटले आणि अकरावीला तिला फोन घेऊन दिला, क्लासचे व्हिडिओ बघायला. दोन वर्षांत ती मुलगी घरातल्या घरात कुठेतरी निघून गेली. जेवताना फोन, आंघोळीला जाताना फोन, पहाटे चार वाजेपर्यंत पांघरुणात उजेड. बारावीच्या परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरच्या सकाळी तिला उठवता उठवता आई रडकुंडीला आली आणि ती उठली तेव्हा पेपर सुरू होऊन गेला होता. त्याच्या लाजेने पुढच्या पेपरलाही गेली नाही. जुलैमध्ये पुन्हा बसता आलं असतं, तर फॉर्मच भरला नाही. आता या मार्चमध्ये शेवटची आशा होती. "या वर्षीपण नाही बसली तर ही पोरगी हातातून गेली, मावशी," आई म्हणाली. तिच्या खांद्यावर, केसांत, सगळीकडे निळे धागे चिकटलेले होते. मी ते एकेक करून काढत राहिले.

डबा सुरू झाला आणि मी चाटच पडले. एकाही पोराने कुरकूर केली नाही. रांगेत यायचे, हसतमुखाने फोन द्यायचे, बिल्ला खिशात टाकायचे आणि जागेवर जायचे. यश तर रोज म्हणायचा, "मावशी, नीट ठेवा हां, जान आहे आपली." मी सक्त नियम केला होता: फोन बंद करून, पालथा ठेवायचा. कारखान्याच्या गेटवर तसंच ठेवत असत, म्हणून. सतरा पोरं, सतरा फोन. जमा करताना मोजायचे, परत देताना मोजायचे, आणि दोन्ही वेळा आकडा जुळला की मला रात्री झोप चांगली लागायची.

त्या दिवसांतल्या संध्याकाळी मला अजून तशाच्या तशा दिसतात. खाली रस्त्यावर भजीवाल्याचा स्टो भुरभुरायचा. पलीकडच्या गाळ्यातली शिलाई मशिनं एकदम सुरू व्हायची, एकदम थांबायची. बोलका पंखा कुरकुरायचा आणि तरी खोलीत ती खास शांतता असायची, पानं उलटल्याची, पेनाचं टोपण दाताखाली धरल्याची. साडेआठला पोरं फोन घ्यायची तेव्हा त्यांना मिरीचा वास यायचा. एका आईने मला सांगितलं, खिशाचा वास घेतला की पोरगा अभ्यासिकेत गेला होता की नाक्यावर, ते कळतं. हे ऐकून माझी छाती इतकी फुगली की मी सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलेल्या माझ्या बहिणीला फोन करून सगळं वर्णन केलं. तिने तिच्या सोसायटीत सांगितलं. तिथल्या बायकांनी निरोप पाठवला की ताई, एकदा येऊन आम्हालाही समजवा. मी जायची तारीखसुद्धा ठरवली. बोलताना कोणती साडी नेसायची, तेही ठरवलं.

निकिता खिडकीजवळ बसायची. बिल्ला नंबर अकरा. तिच्या डोळ्यांखाली शाईचं बोट फिरवल्यासारखं काळं होतं. ती फोन द्यायची तेव्हा लगेच सोडायची नाही. डब्यावर हात आणायची, थांबायची, मग ठेवायची. पहिल्या दिवशी तर तिचा उजवा अंगठा टेबलावर उगीचच वरखाली होत होता, हातात काही नसताना. मला वाटलं, बाकीची सतराच्या सतरा कशी गुणी आहेत आणि हिलाच काय एवढं जड जातंय! सतरात मी तिलाही धरत होते हे माझ्या लक्षात आलं नाही. मोजणाऱ्या माणसाचं असं होतं.

मग एका मंगळवारी डबा वाजला.

साडेसहा झाले होते. डब्याच्या तळाशी कोणाचातरी फोन थरथरू लागला आणि पत्र्याचा तो डबा असा काही दणाणला की दोन पोरी किंचाळल्या. मी झाकण काढलं. नियम मोडून चालू कोणी ठेवला म्हणून चिडून मी फोन सरळ करू लागले. पहिला सरळ केला. त्यावर डोंगराचं चित्र होतं आणि वेळ होती दहा वाजून आठ मिनिटं. दुसरा सरळ केला. तोच डोंगर, दहा वाजून आठ मिनिटं. तिसरा, चौथा, पाचवा. भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा आणि डब्यात सगळीकडे दहा वाजून आठ मिनिटं. मी एकाच्या काचेवर नख लावलं, तर डोंगराचा कोपरा उचलला गेला. स्टिकर होता.

डमी. दुकानाच्या काचेत मांडायला असतात तसे, आत काही नसलेले फोन. हाताला वजन लागावं म्हणून आत लोखंडाची पट्टी घातलेली. बाकीचे होते ते घरोघरचे मेलेले फोन, काच फुटलेले, बॅटरी फुगलेले. सतरांत जिवंत असा एकच होता, तोच वाजत होता, आणि त्यावर नाव होतं 'पप्पा'.

निकिता उठली, माझ्या हातून फोन घेतला, "पप्पा, मी अभ्यासिकेत आहे, नंतर करते," म्हणाली, बंद केला आणि पुन्हा डब्यात पालथा ठेवला. "सॉरी मावशी. बंद करायचा राहिला."

मी यशकडे वळले. "हे कुठून आणले?"

"मावशी, रागवू नका ना. माझा चुलतभाऊ मोबाइलच्या दुकानात आहे. नवीन मॉडेल आलं की जुना डमी असाच पडून असतो. मी बोललो, दे ना यार, कामाला येईल."

"सगळ्यांना तू दिलेस?"

"सगळ्यांना नाही. नऊच होते. बाकीच्यांनी आपापलं अ‍ॅडजस्ट केलं." मग तो म्हणाला, "मावशी, उल्हासनगरची पोरं आहोत, ओरिजिनल कोण जमा करणार?"

कोणीतरी हसलं. आज मीही हसते. ज्या गावात हुबेहूब दुसरी वस्तू बनवून देण्याची कला घरोघर मुरलेली, त्या गावात मी पोरांकडून फोन मागितले होते, आणि त्यांनी ते माझ्या हातात ठेवले होते. पण त्या दिवशी माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. एकतीस वर्षं! नकली बेअरिंग घेऊन आलेल्या किती जणांना मी दारातून परत पाठवलं, अशा गोष्टी मी या पोरांना रंगवून सांगितल्या होत्या. ती ऐकत होती आणि त्यांच्या खिशात खरे फोन होते. खरी गोष्ट अशी की स्टोअरला माल तपासणारा माणूस वेगळा असायचा. मी फक्त नग मोजायचे. एवढं बारीक कोणाला सांगायचं, म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं.

"उद्यापासून अभ्यासिका बंद," मी म्हणाले. "घरी बसा आणि मांजरांना टोप्या घाला."

कुलूप लावून घरी आले. कमला आंटी गच्चीवरून पापड उतरवत होती. "छा थियो, अदी?" तिने विचारलं, काय झालं म्हणून. मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला पापडांची परात खाली ठेवावी लागली. मला तिचाही राग आला. बहिणीला फोन करून सोनिवलीचं येणं रद्द केलं, गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो खरंच दुखला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारातल्या कढीलिंबाला पाणी घालत होते. रंगाच्या जुन्या डब्यात लावलेला आहे, गल्लीत सगळ्यांच्या फोडणीला पुरतो. मागे वळले तर निकिता उभी. एका हातात फोन, दुसऱ्या हातात अकरा नंबरचा बिल्ला.

"मावशी, अभ्यासिका बंद ठेवा. पण माझा एकटीचा घ्याल का?"

"का? घरी कपाट नाही?"

"आहे ना." ती खाली बघत बोलत होती. "आईने तांदळात लपवला, मी शोधला. पप्पा डेपोत घेऊन गेले, तर मी आईचा घेतला. कुणी काढून घेतला ना मावशी, की मला दुसरं काही सुचतच नाही, फक्त तो कुठंय तेवढंच. तुमच्या डब्यात तो मी देते. मी. कुणी घेत नाही. मग तीन तास डोकं जरा माझं असतं."

मी झारी खाली ठेवली. "निकू, बाकीच्यांचे खोटे आहेत, तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. यशने मला पण देऊ केला होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता," ती म्हणाली. "आणि तुम्ही चिडून डबा बंद केला असतात."

मी नेमकं तेच केलं होतं. सगळ्यात जास्त जिला त्या वस्तूने धरून ठेवलं होतं, तिने एकटीने ती खरीखुरी माझ्या हातात दिली होती, रोज, सोळा जणांच्या खोट्यामध्ये बसून, हसं होईल याची पर्वा न करता. आणि मी काय बघत होते? तर आकडा जुळतो की नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्या पोरीची इतकी माया आली की मी तिला चहा पितेस का, एवढंच विचारू शकले.

चहा पिताना ती बोलली. आधी तुटक, मग सलग. फोनमध्ये सगळ्यांचं छान चाललेलं असतं, म्हणाली. मैत्रिणी कॉलेजच्या सहलीला जातात, कुणाचा नवा ड्रेस, कुणाचे बदलापूरच्या धरणावरचे फोटो, आणि ती मागच्या वर्षीच्याच पुस्तकावर. बघून वाईट वाटतं, वाईट वाटलं की अजून बघावंसं वाटतं. गेल्या वर्षी पेपरच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना 'बेस्ट ऑफ लक' लिहिलं, तिला कोणी लिहिलं नाही. कोणीतरी लिहील म्हणून ती वाट बघत राहिली. "बास, एवढंच होतं," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, मी काहीतरी भयंकर बघत होते."

त्या संध्याकाळी मी कुलूप उघडलं. पोरांना सांगितलं, सक्ती संपली. ज्याला द्यायचा त्याने द्या, ज्याला नाही त्याने खिशात ठेवा, मला खोटा मात्र देऊ नका. डब्यात एकच फोन आला. एवढ्या मोठ्या डब्यात तो एकटा खुळखुळताना मला बघवेना, म्हणून मी माझाही ठेवला आणि बावीस नंबरचा बिल्ला कमरेला खोचला.

मग माझी मजा झाली. पहिल्या पंधरा मिनिटांत माझा हात चार वेळा कमरेकडे गेला. कोणीतरी मेसेज टाकला असेल. बहिणीने गुडघ्याचं विचारलं असेल. व्हिडिओतल्या त्या बाईने भरल्या वांग्यांत पुढे काय घातलं, ते अर्धवट बघायचं राहिलं होतं. साठी उलटलेली मी, आणि खुर्चीत नुसती चुळबुळत होते. निकिताने खिडकीजवळून माझ्याकडे पाहिलं, आपला उजवा अंगठा टेबलावर वरखाली केला आणि हसली. ती हसते कशी, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी हे सगळं सरळ रेषेत झालं असं सांगणार नाही. एकदा ती वीस मिनिटांत उठून आली, "द्या मावशी," म्हणाली, मी काही न विचारता दिला, आणि ती जिन्यात बसून तासभर बघत राहिली. एकदा दोन दिवस आलीच नाही. मला तिच्या घरी जावंसं वाटलं, पण गेले नाही; काढून घेणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आली, डब्यावर हात आणला, थांबली, ठेवला. यशने आठवडाभराने आपला खरा फोन आणून दिला. "चार्जिंग संपलीये म्हणून देतोय हां मावशी, जास्त सेंटी होऊ नका." त्याच्यामागून अजून पाच-सहा आले. बाकीच्यांनी शेवटपर्यंत दिला नाही, आणि त्यातले काही चांगल्या मार्कांनी पास झाले, हेही सांगितलं पाहिजे.

अर्थशास्त्राच्या पेपरच्या सकाळी ती साडेनऊला माझ्या दारात आली. केस विंचरलेले, हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत. सेंटरवर फोन चालत नाहीच, घरी ठेवून जाता आलं असतं. पण तिने डबा मागितला. मी तो विहारातून आणून ठेवलाच होता. मलाही वाटलं होतं तसं. आदल्या संध्याकाळी अभ्यासिकेतल्या सगळ्यांनी मिळून तिच्या पॅडवर मागच्या बाजूने 'बेस्ट ऑफ लक' लिहिलं होतं, पेनाने, वाकडंतिकडं. सर्वात मोठं यशचं. मी तिला रिक्षात बसवेपर्यंत तिने ते दोनदा उलटून वाचलं. अकरा वाजले. अकरा वाजून पाच मिनिटं झाली. ती परत आली नाही, म्हणजे आत बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि कमला आंटीला हाक मारून सांगितलं, "बैठ गई!"

"बैठ गई?" ती गच्चीवरून ओरडली. "तो फिर पापड खा!"

ती पास झाली. फार काही चमकली नाही, पण पास झाली. वडिलांनी पुन्हा पेढे वाटले, या वेळी डेपोतसुद्धा. परीक्षा संपल्या, जयंतीची तयारी सुरू झाली आणि अभ्यासिकेच्या खोलीत निळ्या पताका आणि दिव्यांच्या माळांची खोकी येऊन पडली. मी डबा पुसला, बिल्ले मोजले. एक कमी भरला. अकरा नंबर. माझ्या हिशेबातला हरवलेला हा पहिला नग, आणि मी तो कधी मागितला नाही.

यंदाची अभ्यासिका गेल्या सोमवारी सुरू झाली. नवी पोरं, नवे फोन, पंखा तोच. सोनिवलीलाही मी मध्यंतरी जाऊन आले आणि माझ्या फजितीसकट सगळं सांगितलं. बायका त्यालाच जास्त हसल्या. निकिता आता सकाळी कॉलेजला जाते आणि दुपारी अंबरनाथ पश्चिमेला एका औषधाच्या दुकानात काम करते. सोमवारी सात वाजता ती जिना चढून वर आली, खांद्यावर बॅग तशीच. मला वाटलं, भेटायला आली असेल. तिने पर्समधून जीन्सचा एक विटका तुकडा काढला. आकडा जवळजवळ पुसला होता. फोन काढला, बंद केला, डब्यात पालथा ठेवला.

"तुझी कसली परीक्षा?" मी म्हटलं.

"कसली नाही," ती म्हणाली. "दीड तास बसते जरा, मावशी."

आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. तिच्या हातात पुस्तकही नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती, भजीवाल्याकडे, समोरच्या गच्चीवर वाळलेले पापड गोळा करणाऱ्या कमला आंटीकडे. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांखाली काही नव्हतं. झोप पुरी झालेल्या, साध्या एकवीस वर्षांच्या मुलीचा तो चेहरा होता.

मी डब्याला झाकण लावलं. त्या दिवशी आत किती फोन होते, ते मी मोजलेच नाहीत.